खुब्यात सच्छिद्र निटिनॉल: घालावं की नको?

कलाभवन_धातू:
आईचा खुबा बारा वर्षांपूर्वी बदलला. परवा दांडिया बाजारच्या घरी तिच्या जुन्या-नव्या एक्स-रे फिल्म खिडकीच्या उजेडात धरल्या. मांडीच्या हाडात बसवलेल्या धातूच्या दांड्याच्या वरच्या टोकाभोवतीचं हाड पापुद्र्यासारखं झालंय. टायटॅनियम मिश्रधातूचा ताठरपणा साधारण 110 गिगापास्कल, कठीण हाडाचा 10 ते 30. भार धातूच उचलतो, आणि बिनकामाचं हाड शरीर ठेवत नाही. जर्मन सर्जन वोल्फने हे 1892 मध्येच मांडलं होतं. निटिनॉल म्हणजे निकेल-टायटॅनियमचा मिश्रधातू; तो भरीव असला तर 70च्या आसपास. निम्मी जागा छिद्रांना दिली की ताठरपणा उरलेल्या धातूच्या हिश्श्याच्या वर्गाने घटतो, म्हणून त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे थेट हाडाच्या पंक्तीत. शिवाय छिद्रांत हाड शिरून पकड धरतं. माझ्या मते पुढचे खुबे याच धातूचे हवेत.

मकरपुरा_टर्नर:
अजिबात पटलं नाही. तुमचे आकडे दाबाच्या चाचणीचे. माणूस एकदा दाबला जात नाही, तो चालतो. एका पायावर वर्षाला सुमारे दहा लाख पावलं. खुब्याचा दांडा वाकतो, म्हणजे त्याची एक बाजू ताणली जाते, आणि ताणात प्रत्येक छिद्र ही खाच असते. भुकटी भाजून केलेला एक मोडका नमुना मी भिंगाखाली पाहिलाय. कण एकमेकांना चिकटतात ती मान केसासारखी बारीक, आणि तडा एका मानेतून दुसऱ्या मानेत असा चालत गेलेला. अंगात मोडलेला दांडा बाहेर काढताना पेशंटचे काय हाल होतात, ते एखाद्या सर्जनला विचारा.

कलाभवन_धातू:
काका, खाचेचं बरोबर. पण हा साधा धातू नाही. ताण आला की त्याची अणूंची एक रचना (ऑस्टेनाइट) बदलून दुसरी (मार्टेन्साइट) होते, ताण गेला की परत फिरते. तार 8 टक्क्यांपर्यंत ताणली तरी जागेवर येते. स्टेनलेस स्टील एका टक्क्याच्या आतच कायमचं वाकतं.

भट्टीवाली:
दोघंही तापमान विसरताय! हे परत फिरणं 37 अंशांना व्हायला हवं. अणूंच्या हिशोबाने निकेल 0.1 टक्का सरकलं की रूपांतराचं तापमान दहाएक अंश हलतं. भट्टीत टायटॅनियम ऑक्सिजन ओढतं, ठिसूळ संयुगं पडतात, उरलेल्या धातूचं प्रमाण बिघडतं. निकेल कमी पडलं तर तुकडा अंगाच्या उबेत दबलेलाच राहील. आणि भार सगळीकडे सारखा वाटला जात नाही. काकांच्या त्या बारीक माना आधीच कायमच्या वाकतात, म्हणून सच्छिद्र तुकड्यात 8 टक्के मिळत नाहीत. छिद्रांमुळे पृष्ठभाग वाढतो, तेवढी निकेल झिरपायला वाटही वाढते, हेही ध्यानात घ्या.

कलाभवन_धातू:
ताई, 8चा आकडा भरीव तारेचा होता, तो मी सच्छिद्रावर चढवला. चूक माझी. पण धातूच बाद करू नका. पाठीच्या दोन मणक्यांमध्ये बसणाऱ्या ठोकळ्यावर मुख्यतः दाबच येतो. रशियात तोम्स्कच्या लोकांनी 1980च्या दशकापासून सच्छिद्र निटिनॉल माणसांत बसवलंय.

मकरपुरा_टर्नर:
ठोकळ्याला ना नाही. दांड्याला आहे, कोणी तो एक कोटी वेळा वाकवून दाखवेपर्यंत. तुमच्या भट्टीतला नमुना पाठवा. वाकवायची पकड मी माझ्या शेडमध्ये करून देतो, पैसे नकोत.