गाठ गालात, मग अंग का सुकतंय?

होटगीकर: सोलापुरातल्या आमच्या मामांना (वय ५६) गालाच्या आतून कॅन्सर निघालाय. स्कॅनमध्ये कुठं पसरलेला दिसत नाही. तरी ३ महिन्यांत वजन ५४ वरून ४९ किलोवर आलं, मांड्या वाळल्या. दोन वेळा नीट जेवतात. एवढीशी गाठ आख्खं शरीर कशी पोखरते? पाहुणे म्हणतायत साखर तोडा, गाठ उपाशी मरेल. तोडावी का?

शेळगी: तोडू नका. गाठ आणि तिच्याशी झुंजणाऱ्या पेशी रक्तात सायटोकाइन नावाची रसायनं सोडतात. त्यांनी भूक मरते, स्नायूंतली प्रथिनं मोडतात, रक्तही नीट तयार होत नाही. म्हणून गाठ गालातच असली तरी मांड्या वाळतात. साखर बंद केली तर यकृत त्याच स्नायूंतून साखर बनवतं; गाठीला ती मिळते, मामांचं मांस जातं. मधुमेह असेल तर मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानंच.

६ महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त वजन उतरणं गंभीर, मामांचं ३ महिन्यांतच ९ टक्के उतरलंय. पुढच्या भेटीत डॉक्टरांना आकडा स्वतःहून सांगा. पाय सुजले की काटा फसवतो, म्हणून अंगठा आणि तर्जनीमधला मांसल उंचवटा बघत राहा. तिथं खळगा पडला की स्नायू उतरतायत समजायचं.

बाळीवेस: ४९ किलोला दिवसाला साधारण ६० ते ७३ ग्रॅम प्रथिनं लागतात (किडनीचा त्रास असेल तर आधी विचारा). अंड्यात ६, पाव लिटर दुधात ८, ३० ग्रॅम शेंगदाण्याच्या कुटात ७. कडक भाकरी आणि शेंगाचटणी सध्या नको. एक टोचते, दुसरी झोंबते. मऊ भाकरी गरम दुधात कुस्करून, वर चमचाभर तूप. दोन मोठ्या जेवणांऐवजी ६ वेळा थोडं थोडं. रोज थोडं चालवा, नुसत्या खाण्यानं स्नायू भरत नाहीत. गिळताना ठसका लागत असेल तर अन्न फुफ्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. नाकातून अन्न द्यायच्या नळीबद्दल लगेच विचारा.

शेळगी: आणखी एक, कॅन्सरमध्ये रक्त लवकर गोठतं. एकच पाय सुजला, पोटरी दुखली किंवा अचानक धाप लागली तर त्याच दिवशी दाखवा. किमो सुरू झाल्यावर ७ ते १४ दिवसांत रक्तातल्या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. तेव्हा १००.४ फॅरेनहाइट ताप म्हणजे इमर्जन्सी. आधी पॅरासिटामॉल देऊन ताप दाबू नका. किमो बार्शीला असली तरी रात्री तिकडं निघू नका, सोलापुरातच जवळच्या हॉस्पिटलात न्या, आणि शेवटची किमो कोणत्या तारखेला झाली ते पहिल्या वाक्यात सांगा.