सिकलसेल : कार्ड जुळवणे पुरेसे आहे का?

धानोऱ्याचा_मास्तर :
आमच्या गडचिरोलीत सिकलसेलचे, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराचे, नाव निघाले की बोलणे एकाच सल्ल्यावर थांबते : रक्त तपासा, लग्नाआधी दोघांच्या तपासणीचे कार्ड जुळवा. दोघेही वाहक (म्हणजे दोष एकाच पालकाकडून आलेले) असतील तर प्रत्येक खेपेला आजारी मूल होण्याची शक्यता २५ टक्के. हे बरोबरच आहे. पण जे लेकरू एसएस, म्हणजे आई-बाप दोघांकडून आलेला दोष, घेऊन जन्मले, त्याच्याबद्दल 'रक्तातच आहे, काय करता' म्हणून आपण मोकळे होतो. मला हे मान्य नाही.

हे लेकरू पहिले काही महिने ठणठणीत असते. कारण तेव्हा त्याच्या रक्तात गर्भातले हिमोग्लोबिन भरपूर असते. ते गॅमा ग्लोबिनच्या जनुकातून बनते आणि त्यात दोष नसतो. जन्मानंतर शरीर ते जनुक हळूहळू बंद करते : त्यावर मिथाइलचे रासायनिक गट चिकटतात, बीसीएल११ए नावाचे प्रथिन त्याला दाबून धरते. मग दोष असलेले बीटा ग्लोबिन पुढे येते आणि हातपाय सुजणे, हाडे ठणकणे सुरू होते. म्हणजे निर्दोष जनुक त्या पोराच्या प्रत्येक पेशीत जन्मभर आहेच, फक्त झोपलेले. हायड्रॉक्सियुरियाची गोळी त्याला थोडे जागे करते. १९९५ च्या अमेरिकेतल्या चाचणीत दुखण्याचे झटके जवळपास निम्म्यावर आले. नागपुरात मुलांना कमी मात्रेत गोळी देऊन पाहिली, तिथेही झटके खूप कमी झाले.

आशाताई_कोरची :
मास्तर, गोळी चांगली आहे, पण पांढऱ्या पेशी घटवते. म्हणून रक्त वारंवार तपासावे लागते. पावसाळ्यात नाला भरला की आमच्या गावातून कोण निघते? पोटुशी बाईला ती देत नाहीत, हे आधी प्रत्येक पोरीला बसवून सांगावे लागते. अन् बरे वाटले की घरचे गोळी बंद करतात. मला दारोदार फिरून निभवता येते ते तपासणीचेच काम. आजारी मूल जन्मूच नये, यापेक्षा मोठा इलाज कोणता?

वैनगंगाकाठ :
ताईंशी सहमत, कारण माझे वेगळे. 'जनुक जागे करा' हे वाक्य बाजारात गेले की उद्या कोणी चूर्ण घेऊन येईल. बीटा ग्लोबिनच्या जनुकातले एक अक्षर चुकलेले आहे, ते कोणतीही गोळी दुरुस्त करत नाही. २०२३ च्या शेवटी ब्रिटन-अमेरिकेत मान्य झालेला जनुकसंपादनाचा इलाजसुद्धा ते अक्षर सोडून बीसीएल११ए कमी करतो. अन् त्याची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर! आमच्या धानाला काय भाव मिळतो?

धानोऱ्याचा_मास्तर :
भाऊ, तुम्ही माझाच मुद्दा मांडला. अक्षर तसेच ठेवून इतका महागडा इलाज चालतो, तर त्याच वाटेने जाणारी स्वस्त गोळी आम्ही का नाकारायची? चूर्णवाल्याच्या भीतीने खरे औषध लपवू नये.

ताई, नाल्याचे खरे आहे. पण कार्डाचा भार कोणावर पडतो तेही बघा. सोयरीक मोडते तेव्हा बोल मुलीलाच लागतो, मुलगा वाहक असला तरी. अन् वर्गात पाय धरून रडणाऱ्या पोराला पुढच्या पिढीच्या तपासणीने काय मिळते?

आशाताई_कोरची :
मुलीचे पटले. पण रक्ततपासणी उपकेंद्रात होईपर्यंत मी कोणाच्या घरी ही गोळी सुचवणार नाही. पेशी घटून पोराला ताप चढला, तर रात्री माझ्याच दारात येतील.