कोड पुसायच्या आधी

'रिकॉलच्या (दोष दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावण्याच्या) यादीत गाडी नाही, म्हणजे दोष नाही' असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. रिकॉल १७ अक्षरी चासी नंबरावरून लागू होतो आणि यादी नंतर वाढूही शकते. नंबर अधूनमधून पुन्हा टाकून बघा.

आणि यादीत नसलेला दोषही दाखवून देता येतो. माझी गाडी तापली की उभ्या जागी थरथरायची, चेक इंजिनचा दिवा लागायचा. दर खेपेला सर्व्हिस सेंटरमधून 'कोड (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक) क्लिअर केलाय' म्हणून परत! पण कोडसोबत फ्रीझ फ्रेमही पुसली जाते, म्हणजे बिघाडाच्या क्षणीचे आरपीएम (इंजिनचे मिनिटाचे फेरे), कूलंटचं तापमान वगैरेंची नोंद. चौथ्यांदा मी आधी स्कॅनरचा फोटो काढला: पी०३०२, दोन नंबर सिलिंडरचा मिसफायर, म्हणजे तिथे इंधन नीट पेटत नव्हतं. तिथली कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारा भाग) एक नंबरला लावायला लावली, तर कोड पी०३०१ झाला, म्हणजे मिसफायर कॉइलसोबत एक नंबरला गेला; दोष कॉइलचाच. तेव्हा कुठे जॉबकार्डावरचं (सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदीवरचं) 'तक्रार आढळली नाही' गेलं.