दहा मीटर एअर रायफल: स्कोप, रेड डॉट की पीप साइट?

सातारकर पालक

सप्रेम नमस्कार.

माझी तेरा वर्षांची मुलगी गेले आठ महिने साताऱ्यातील एका लहानशा रेंजवर १० मीटर एअर रायफलचा सराव करते. तिच्याकडे भारतीय बनावटीची, नळी मोडून छर्रा भरायची स्प्रिंगची रायफल आहे आणि नेम धरण्यासाठी त्या रायफलवर मुळात असलेली साधी साइट, म्हणजे मागे खाच आणि पुढे माशी, एवढेच साधन आहे. अलीकडे ती म्हणते की माशी स्पष्ट पाहावी तर कागदावरचा काळा गोल पुसट होतो आणि गोल पाहावा तर माशी नाहीशी होते. तिला उणे १.२५ नंबरचा चष्मा आहे.

दुकानदाराने मला तीन ते नऊ पट मोठे दाखवणारा, ४० मिलिमीटर भिंगाचा स्कोप सुचवला. माझ्या मेहुण्यांचे म्हणणे आहे की जवळच्या अंतरासाठी रेड डॉट, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणारी साइटच घ्यावी. प्रशिक्षक मात्र या दोन्हींना नकार देऊन पीप साइट घ्यायला सांगतात. चौकशी केल्यावर कळले की पीप साइटमध्ये भिंग नसतेच, आणि तरीही चांगली पीप साइट त्या स्कोपपेक्षा महाग पडते. केवळ एक भोक असलेल्या धातूच्या चकतीला इतके पैसे का मोजावेत, हे कोणी समजावून सांगेल का? शिवाय घराच्या ओसरीवर आम्हाला जेमतेम ५ मीटर अंतर मिळते, तेथील सरावाला यांपैकी काय उपयोगी पडेल, हेही जाणून घ्यायचे आहे.

जुना नेमबाज, पुणे

आपल्या प्रशिक्षकांचे म्हणणे बरोबर आहे, आणि त्याचे पहिले कारण अगदी कोरडे आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार रायफल स्पर्धेत रायफलवर दुर्बीण किंवा नंबरचे भिंग बसवता येत नाही. भिंग नसलेली कोणतीही साइट चालते, प्रकाशाचा रंगीत फिल्टर चालतो आणि नेमबाजाने स्वतःच्या डोळ्यांवर चष्मा घातलेला चालतो. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटरवर कांस्यपदक मिळवले, तेही याच प्रकारच्या, भिंग नसलेल्या साइटमधून पाहून. त्यामुळे मुलगी स्पर्धेत उतरणार असेल, तर स्कोपवर घालवलेले महिने तिला पुन्हा विसरावे लागतील.

आता भोकाला पैसे का मोजायचे, ते पाहू. १० मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका केवळ ०.५ मिलिमीटर व्यासाचा असतो, नऊचे वर्तुळ ५.५ मिलिमीटरचे आणि संपूर्ण काळा गोल ३०.५ मिलिमीटरचा. छर्राच मुळी ४.५ मिलिमीटर जाडीचा असतो. दहाचा ठिपका कोणत्याही नेमबाजाला रायफलवरून दिसत नाही आणि तो दिसण्याची गरजही नाही, कारण आपण ठिपक्यावर नेम धरतच नाही. मागच्या बारीक छिद्रातून पुढच्या नळकांड्यातील गोल कडी दिसते, त्या कडीत काळा गोल दिसतो, आणि तिन्ही वर्तुळे एकात एक मध्यभागी बसली की चाप ओढायचा. काळ्या गोलाभोवतीची पांढरी पट्टी एका बाजूला केसभर जरी जाड झाली, तरी ते माणसाच्या डोळ्याला लगेच खटकते. खाच आणि माशी यांच्या जुळणीत ही सोय नाही, आणि स्कोपच्या क्रॉसहेअरमध्येही, म्हणजे आतल्या फुलीच्या रेघांमध्येही, ती या स्वरूपात नाही.

पुढच्या कडीचे माप निवडण्यात नवखे लोक हमखास चुकतात. नेमबाजाच्या डोळ्यापासून पुढची साइट ८५ सेंटिमीटरवर असेल, तर तेवढ्या अंतरावर काळा गोल सुमारे २.६ मिलिमीटरएवढा भासतो. लहान मुलीची रायफल आखूड असून ते अंतर ७५ सेंटिमीटर असेल, तर तो २.३ मिलिमीटरच्या आसपास भासेल. म्हणजे ३ मिलिमीटरच्या कडीत गोलाभोवती अगदी बारीक पट्टी उरते. कागदावर हे फार अचूक वाटते, पण ज्या मुलीचे हात अजून हलतात तिच्यासाठी ती शिक्षा ठरते, कारण हात किंचित हलला की गोल कडीला टेकतो, मुलगी घाबरून थांबते आणि मग चाप ओढण्याऐवजी गोलाचा पाठलाग सुरू होतो. माझ्या मते सुरुवातीला ४.२ ते ४.५ मिलिमीटरची कडी द्यावी आणि हात स्थिरावेल तशी ती लहान करत जावी. कड्यांचा छोटा संच मिळतो, मापे बदलता येणारी आयरिस कडीही मिळते. पहिल्या वर्षी संचच पुरे.

मागचे छिद्र १.१ ते १.३ मिलिमीटरच्या दरम्यान ठेवून पाहावे. पैसे खरे जातात ते मागच्या यंत्रणेत. साइटचा स्क्रू टप्प्याटप्प्याने फिरतो, त्या एकेका टप्प्याला क्लिक म्हणतात; डावीकडे पाच क्लिक देऊन पुन्हा उजवीकडे पाच क्लिक दिल्यावर छर्रा पूर्वीच्याच जागी पडला पाहिजे, आणि स्वस्त पीप साइटमध्ये नेमके हेच होत नाही, कारण तिच्या स्क्रूमध्ये ढिलाई असते. दुकानात साइट हातात धरून हलवून पाहावी. किंचितही खुळखुळ जाणवली, तर ती घेऊ नये, मग पेटीवर कोणाचेही नाव असो.

रेड डॉटवाला, ऑस्टिन

नमस्कार. मी टेक्सासमध्ये राहतो आणि पॉइंट टू टूच्या, म्हणजे ०.२२ इंची गोळीच्या रायफलने २५ यार्डांच्या आत लोखंडी तबकड्या पाडण्याच्या स्पर्धा खेळतो. जवळच्या अंतरासाठी रेड डॉटच, हे मेहुण्यांचे मत माझ्या खेळात शंभर टक्के खरे आहे, म्हणून ते कोठे खरे ठरते आणि कोठे नाही, हे सांगावेसे वाटले.

रेड डॉटचे मोल वेगात आहे. दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात, डोके साइटमागे अचूक जागी नसले तरी लाल ठिपका दिसतो आणि तो तबकडीवर आला की गोळी सोडता येते. आमची तबकडी ताटाएवढी असते आणि ती सेकंदाच्या काही अंशात पाडायची असते. आपल्या मुलीला मात्र ६० फैरींसाठी ७५ मिनिटे मिळतात, पण लक्ष्य सुईच्या टोकाएवढे असते. रेड डॉटचा ठिपका बहुधा २ मिनिटांच्या कोनाचा असतो (हे मिनिट वेळेचे नव्हे, तर अंशाचा साठावा भाग). १० मीटरवर १ मिनिटाचा कोन २.९ मिलिमीटर होतो, म्हणजे २ मिनिटांचा ठिपका कागदावर सुमारे ५.८ मिलिमीटर जागा झाकतो. त्याखाली नऊचे संपूर्ण वर्तुळ लपते! त्याशिवाय, ठिपका समांतर किरणांचा असेल आणि काचेची खिडकी २० मिलिमीटरची असेल, तर डोळा खिडकीच्या कडेला गेल्यावर नेम १० मिलिमीटरपर्यंत सरकू शकतो. ताटाएवढ्या तबकडीवर हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

आणखी एक गोष्ट: मेहुण्यांनी स्वतःसाठी रेड डॉट घेण्यापूर्वी त्यातून एकदा पाहून घ्यावे. डोळ्यांत सिलिंड्रिकल दोष असेल, तर ठिपका गोल न दिसता स्वल्पविरामासारखा किंवा फुटलेल्या तारकेसारखा दिसतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून तोच ठिपका नीट गोल दिसला, तर दोष साइटचा नसून डोळ्याचा समजावा. मी अशा दोन साइट्स दुकानदाराशी भांडून परत केल्या आणि मग चष्मा बदलला.

दृष्टितज्ज्ञ, कोल्हापूर

मी डोळे तपासण्याचा व्यवसाय करते आणि माझ्याकडे नेमबाज मुले बरीच येतात, म्हणून फक्त डोळ्यांपुरते लिहिते.

माशी आणि गोल एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत, हा आपल्या मुलीचा दोष नाही. कोणताही डोळा एका क्षणी एकाच अंतरावर स्थिरावतो, आणि येथे तर खाच, माशी आणि लक्ष्य अशी तीन अंतरे आहेत. पीप साइटचे बारीक छिद्र डोळ्यात शिरणारे कडेचे किरण अडवते, त्यामुळे जवळचे आणि दूरचे दोन्ही बऱ्यापैकी रेखीव दिसू लागते. मुठीतील बारीक फटीतून पाहिले असता चष्म्याविनाही दूरची पाटी वाचता येते, तोच हा प्रकार आहे. म्हणून कोणी छिद्र अतिशय लहान करू पाहतात, परंतु १ मिलिमीटरच्या खाली गेल्यावर प्रकाश कमी पडतो आणि किरण छिद्राच्या कडेला पसरून चित्र उलट मऊ होते. पीप साइटमधूनही पुढची कडी रेखीव आणि काळा गोल किंचित मऊ दिसणे योग्यच आहे, हे मुलीला आधीच सांगावे, म्हणजे ती डोळे ताणणार नाही.

मात्र साइट घेण्याआधी नंबर पुन्हा तपासून घ्यावा. तेराव्या वर्षी उणे नंबर झपाट्याने वाढू शकतो, आणि गोल पुसट दिसण्याचे साधे कारण जुना चष्मा हेही असू शकते. या वयात दूरचा पूर्ण नंबर पुरेसा असतो, कारण डोळ्यातील भिंग जवळच्या वस्तूसाठी स्वतःला सहज जुळवून घेते. चाळिशी उलटलेल्या नेमबाजाला मी दूरच्या नंबरमध्ये साधारण अधिक ०.५० मिळवून पाहायला सांगते, म्हणजे पुढची कडी आणि लक्ष्य दोन्ही त्याच्या आवाक्यात येतात. आपणही सराव करत असाल, तर मुलीचा आणि आपला हिशेब वेगळा आहे, हे लक्षात घ्यावे.

उभ्या स्थितीत मान वळलेली असते आणि मुलगी रोजच्या चष्म्याच्या मधल्या भागातून न पाहता नाकाजवळच्या कोपऱ्यातून पाहते, त्यामुळे चित्र वाकडे होते. नेमबाजीच्या फ्रेममध्ये एकच गोल भिंग असून ते डोळ्यासमोर हवे तसे सरकवता येते. ती फ्रेम लगेच घेतली नाही तरी चालेल, पण चष्मा नाकावर कसा बसतो याकडे लक्ष असू द्यावे. दुसरा डोळा मिटू नये, त्यावर काळे झाकणही लावू नये. एका डोळ्यापुढे अंधार झाला की दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. पांढरट, अर्धपारदर्शक प्लास्टिकची पट्टी उत्तम, आणि नियमानुसार ती ३० मिलिमीटरहून अधिक रुंद नसावी.

स्प्रिंगवाला, नाशिक

दुकानदाराच्या स्कोपविषयी मी स्वानुभवाने सांगतो. मी तसाच स्कोप तशाच रायफलवर बसवला होता आणि दोन महिन्यांत त्याचा क्रॉसहेअर आतल्या आत तिरपा झाला. स्प्रिंगची रायफल आधी मागे ढकलते आणि पिस्टन पुढे आदळला की लगेच पुढे हिसका देते. साधे स्कोप केवळ मागच्या धक्क्याला तोंड देतील असे बनवलेले असतात, आणि त्यांना रायफलवर धरून ठेवणाऱ्या कड्याही रायफलच्या पाठीवरील ११ मिलिमीटरच्या खाचेवरून हळूहळू मागे घसरतात. आमच्या घराच्या गच्चीवर माझा ग्रुप, म्हणजे छर्ऱ्यांच्या भोकांचा पुंजका, रोज थोडा थोडा वर चढत होता आणि मी बापडा त्याचा दोष छर्ऱ्यांना देत होतो.

त्याहून मोठी अडचण पॅरॅलॅक्सची, म्हणजे रायफल स्थिर असूनही डोळा हलला की नेम सरकण्याची आहे. ज्या स्कोपची जुळणी कारखान्यात १०० यार्डांवर केलेली असते, त्या ४० मिलिमीटरच्या स्कोपमध्ये १० मीटरवर डोळा कडेला गेल्यास नेम १८ मिलिमीटरपर्यंत सरकू शकतो. मजेखातर गच्चीवर डबे पाडायचे असतील, तर पुढचे भिंग फिरवून १० मीटरपर्यंत जुळणी करता येईल असा, पेटीवर एअर रायफलसाठी असे स्पष्ट लिहिलेला स्कोप घ्यावा. माझ्याकडे आता तसाच आहे आणि मी त्यावर खूश आहे, पण मी स्पर्धा खेळत नाही.

सातारकर पालक

सर्वांचे मनापासून आभार. कालच दुकानात जाऊन रायफल टेबलावर वाळूच्या पिशवीत घट्ट ठेवली आणि स्कोपमधून पाहत फक्त डोके हलवले. समोरच्या भिंतीवरील दिनदर्शिकेच्या तारखेवरून क्रॉसहेअर सरळ शेजारच्या तारखेवर गेला. स्कोप तेथेच ठेवून परत आलो. चष्म्याचा नंबर उणे १.७५ निघाला, म्हणजे अर्धे उत्तर तेथेच मिळाले. प्रशिक्षकांनी रेंजवरची पीप साइट असलेली रायफल मुलीला आठवडाभर वापरायला दिली असून पुढे ४.४ ची कडी बसवली आहे. "बाबा, गोल आता पळत नाही," असे ती म्हणते. ओसरीवरच्या ५ मीटरचे काय करावे, एवढेच आता विचारायचे आहे.

जुना नेमबाज, पुणे

५ मीटरसाठी लक्ष्य निम्म्या मापाचे छापून घ्यावे, म्हणजे काळा गोल १५.२५ मिलिमीटरचा होईल आणि कडीत तो रेंजवर दिसतो तेवढाच दिसेल. मात्र साइट नळीच्या वर बसलेली असल्यामुळे, १० मीटरवर जुळवलेल्या रायफलचा छर्रा ५ मीटरवर खाली पडेल: साइट नळीच्या मध्यापासून ४० मिलिमीटर उंच असेल, तर सुमारे २० मिलिमीटर खाली. त्यासाठी क्लिक फिरवू नयेत, ग्रुप लहान होतो की नाही एवढेच पाहावे, आणि लक्ष्याच्या खाली भरपूर उंचीची छर्रे अडवणारी पेटी ठेवावी, नाही तर ओसरीच्या भिंतीचा गिलावा जाईल. दिवा लक्ष्यावर तिरपा टाकावा. मुलीच्या डोळ्यांसमोर उघडा दिवा किंवा खिडकी येऊ देऊ नये, कारण रेंजवर लक्ष्य उजळ आणि नेमबाजाची जागा त्या मानाने मंद असते, तीच सवय घरीही राहिलेली बरी.