सत्ता जागांच्या हिशेबाने वाटली, मग जमीन का नाही?

माळरान:
दक्षिण आफ्रिकेचे राष्ट्राध्यक्ष रामाफोसा यांनी जानेवारी २०२५ मध्ये नव्या भूसंपादन कायद्यावर सही केली. काही ठराविक परिस्थितीत मोबदला न देताही जमीन ताब्यात घेण्याची तरतूद त्यात आहे. त्यावरून गोऱ्या शेतकऱ्यांना देशोधडीला लावणार अशी हाकाटी चालू आहे. माझ्या मते हा कायदा तीस वर्षं उशिरा आला.

१९९४ साली वर्णभेदी राजवट संपली तेव्हा सत्तेची वाटणी किती बारकाईने झाली होती ते आठवा. संसदेत ४०० पैकी २० जागा मिळवणाऱ्या पक्षाला मंत्रिमंडळात हक्काचं स्थान, ८० मिळाल्या तर उपाध्यक्षपद. म्हणूनच मंडेलांच्या सरकारात शेवटचे गोरे राष्ट्राध्यक्ष डी क्लर्क उपाध्यक्ष झाले. जुन्या सरकारी नोकरांच्या नोकऱ्या शाबूत ठेवण्याची सूचना तर कम्युनिस्ट नेते जो स्लोवो यांनीच १९९२ मध्ये मांडली होती. या तडजोडीमुळे मोठा रक्तपात टळला, हे मी मनापासून मानतो.

पण जमिनीच्या वाट्याला काय आलं? विकणाऱ्याची राजीखुशी आणि बाजारभाव. १९१३ च्या कायद्याने काळ्या लोकांना देशाच्या सुमारे ७ टक्के जमिनीत कोंबलं, १९३६ मध्ये ती १३ टक्क्यांपर्यंत वाढवली. त्यांच्याकडून हिरावलेली जमीन त्यांच्या नातवंडांसाठी आता सरकारने पैसे मोजून सोडवायची. पाच वर्षांत ३० टक्के शेतजमीन हस्तांतरित करायची होती; मुदत २०१४ वर गेली, तीही हुकली. २०१७ च्या सरकारी पाहणीत व्यक्तींच्या मालकीच्या शेतजमिनीपैकी ७२ टक्के गोऱ्यांच्या नावावर निघाली, काळ्या आफ्रिकींच्या ४ टक्के. लुटलेल्या जमिनीची किंमत लुटल्या गेलेल्यांच्याच तिजोरीतून का द्यायची?

शेतसारा:
साफ असहमत. आजचा मालक १९१३ चा लुटारू नाही. अनेकांनी बँकेचं कर्ज काढून, १९९४ नंतर, नव्या सरकारच्या राज्यात रीतसर खरेदीखत करून जमीन घेतली आहे. त्यांना मोबदला नाकारलात तर कर्ज कोण फेडणार? आणि उद्या तिथल्या काळ्या शेतकऱ्याला तरी जमीन तारण ठेवून कर्ज कोण देईल?

शिवाय राज्यघटनेला उगाच दोष देऊ नका. कलम २५ मध्ये मोबदला 'न्याय्य' असावा असं म्हटलंय आणि त्यासाठी पाच गोष्टी बघायला सांगितल्यात: जमिनीचा सध्याचा वापर, ती कशी मिळवली त्याचा इतिहास, बाजारभाव, सरकारने त्यात घातलेला पैसा आणि संपादनाचा हेतू. बाजारभाव पाचातला एक! सरकारने वर्षानुवर्षे तेवढा एकच धरला, तो त्यांचा नाकर्तेपणा. झिंबाब्वेत २००० नंतर कायदा गुंडाळून जमिनी घेतल्या, लाखो शेतमजुरांचं काम आणि घर गेलं. तेही काळेच होते.

माळरान:
झिंबाब्वेचं नाव निघणार हे माहीत होतं, पण ती गोष्ट २००० पासून सुरू होत नाही. झिंबाब्वेला स्वातंत्र्य देणाऱ्या १९७९ च्या लँकेस्टर हाउस करारात संसदेच्या १०० पैकी २० जागा गोऱ्यांसाठी राखीव होत्या आणि पहिली दहा वर्षं जमीन मालकाच्या मर्जीशिवाय जवळपास घेताच येत नव्हती. राखीव जागा १९८७ मध्ये गेल्या, जमीन होती तिथेच राहिली. वीस वर्षं राग साचू दिला आणि मग राष्ट्राध्यक्ष मुगाबेंनी तो स्वतःची खुर्ची वाचवायला वापरला. मजुरांचे हाल झाले, ते अक्षम्य आहे. पण तंबाखूचं कोसळलेलं पीक पुढच्या दहाएक वर्षांत जुन्या पातळीवर आलं आणि ते पिकवणारे बहुतेक लहान शेतकरी आहेत, हेही सांगा ना.

बांधावरून:
तुम्ही दोघंही 'कोणाकडून घ्यायची' यावर भांडताय. घेतलेली जमीन कोणाच्या नावावर चढते?

२००६ पासूनचं धोरण असं की सरकार जमीन विकत घेतं, मालकी स्वतःकडे ठेवतं आणि काळ्या शेतकऱ्याला खंडाने देतं. लिम्पोपो प्रांतातल्या एका शेतकऱ्याने अशी सरकारी जमीन वर्षानुवर्षे कसली. विकत देतो असं सांगून सरकार फिरलं, तेव्हा त्याला आपल्याच मतांवर निवडून आलेल्या सरकारविरुद्ध कोर्टात जावं लागलं. २०१९ मध्ये तो जिंकला. पण प्रत्येकाने कोर्टाची पायरी चढायची का?

क्वाझुलू-नाताळ प्रांतात तर सुमारे २८ लाख हेक्टर जमीन इंगोन्यामा ट्रस्टकडे आहे, विश्वस्त एकटे झुलू राजे. निवडणुकीच्या तोंडावर १९९४ मध्ये घाईघाईने केलेला हा बंदोबस्त. पिढ्यान्‌पिढ्या त्याच घरात राहणाऱ्यांना ट्रस्टने भाडेपट्ट्यावर सह्या करायला लावल्या, वर दरवर्षी वाढणारं भाडं. ग्रामीण बायकांची संघटना याविरुद्ध कोर्टात गेली. जून २०२१ मध्ये पीटरमारित्झबर्गच्या न्यायालयाने ते पट्टे बेकायदा ठरवले आणि वसूल केलेलं भाडं परत करायला सांगितलं. गोऱ्या जमीनदाराच्या जागी राजा किंवा मंत्री बसला, तर त्या बाईच्या पदरात काय पडलं?

शेतसारा:
@बांधावरून, माझी भीती नेमकी हीच. २०२१ मध्ये विनामोबदला संपादनासाठी घटनादुरुस्ती आली, २०४ विरुद्ध १४५ मतं पडली, लागत होती २६७. मालेमांच्या ईएफएफ या कडव्या डाव्या पक्षाने तीविरुद्ध मत दिलं, कारण त्यांना सगळीच जमीन सरकारच्या ताब्यात हवी होती. अशा राजकारणाच्या हाती विनामोबदल्याचं हत्यार द्यायचं?

माळरान:
मग शेतावरच्या कुळांचं काय, ते सांगा. जमिनीच्या तुकड्यावर राहायचं, चार गुरं चारायची आणि त्या बदल्यात मालकाकडे राबायचं, अशी कैक कुटुंबं आहेत. त्यांना जमिनीवर हक्क सांगता यावा म्हणून १९९६ ला कायदा झाला. हजारो अर्ज खात्यात धूळ खात पडले. २०१९ मध्ये देशाच्या सर्वोच्च घटनात्मक न्यायालयाला त्यासाठी बाहेरचा खास अधिकारी नेमण्याचा आदेश कायम करावा लागला. ज्या मातीत आईबाप पुरले तिथे आपल्या माणसाला पुरण्याचा हक्क मिळावा म्हणून २००१ मध्ये वेगळी कायदादुरुस्ती करावी लागली! मालक 'इथे खड्डा खणायचा नाही' म्हणत होते म्हणून. त्यांना तुम्ही बँकेच्या तारणाचं कारण सांगणार?

बांधावरून:
त्यांना सांगायचं काहीच नाही, अर्ज निकालात काढायचे. सरकारकडे आज जी जमीन आहे, ट्रस्टकडे जी आहे, कुळं जिथे राहतात, तिथे हक्काची नोंद आधी माणसांच्या नावावर करा, नवराबायको दोघांच्या. याला कुठलंही नवं संपादन लागत नाही.

शेतसारा:
याला माझा पूर्ण पाठिंबा. पाणी आणि पतपुरवठाही सोबत द्या.

माळरान:
पाठिंबा माझाही आहे, पण बदल्यात ७२ टक्क्यांचा विषय बंद करायला मी तयार नाही. सरकारी आणि ट्रस्टची जमीन वाटली म्हणजे काळ्यांची जमीन काळ्यांतच फिरली. शेतसारा, पाच निकष तुम्हीच मोजून दाखवलेत. जमीन कशी मिळवली हा निकष लावून बाजारभावापेक्षा कमी मोबदला दिला, तर ते तुम्हाला चालेल का? एवढं सरळ सांगा.

शेतसारा:
कोर्टाने ठरवला तर चालेल. मंत्र्याने ठरवला तर नाही. आणि शून्य, कोर्टानेही, फक्त ओसाड टाकलेल्या किंवा नुसत्या सट्ट्यासाठी धरून ठेवलेल्या जमिनीला.