'द स्टोरी ऑफ मिंगलान': काय साधले आणि काय निसटले

मंडळाच्या सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार,

चिनी ऐतिहासिक प्रेमकथांपैकी पाहावी अशी एखादी मालिका सुचवा, अशी विचारणा काकांनी या यादीवर केली होती आणि मी 'द स्टोरी ऑफ मिंगलान'चे नाव कळवले होते. ७०हून अधिक भागांची मालिका कोणाला पाहायला सांगायची, तर ती का पाहावी आणि कुठे निराशा पदरी पडेल, हे दोन्ही सांगणे माझे कर्तव्य आहे, म्हणून हे सविस्तर पत्र.

ही मालिका डिसेंबर २०१८मध्ये हुनान टीव्हीवर सुरू झाली. दिग्दर्शन झांग काईझोऊ यांचे असून झाओ लीयिंग, फंग शाओफंग आणि झू यीलोंग यांच्या प्रमुख भूमिका आहेत. कथानक अकराव्या शतकातले, म्हणजे उत्तर सोंग राजवटीच्या काळातले, आधी यांगझोऊत आणि मग राजधानीत, आजच्या कायफंगमध्ये घडणारे. मिंगलान ही शंग नावाच्या मध्यम दर्जाच्या अधिकाऱ्याच्या घरातली, उपपत्नीच्या पोटी जन्मलेली मुलगी. तिचे बालपण, तिचे लग्न आणि लग्नानंतरचा तिचा संसार एवढाच या कथेचा पट आहे. परंतु लेखकांनी तो इतक्या बारकाईने विणला आहे की घर चालवणे हेसुद्धा राज्य चालवण्याइतकेच जोखमीचे काम आहे, हे पाहणाऱ्याला पटते.

याचे सर्वांत चांगले उदाहरण पहिल्या काही भागांतच आहे. घराच्या किल्ल्या आणि हिशेब त्या वेळी लाडक्या उपपत्नीच्या, लिनच्या हातात असतात. मिंगलानची आई वेई ही दुसरी उपपत्नी गरोदर आहे आणि तिच्या दालनात शेगडीला पुरेसा कोळसा येत नाही. कोळसा कमी का आला, हे विचारणाऱ्या दासीवरच चोरीचा आळ येतो आणि तिला घराबाहेर काढले जाते. दुसरीकडे जेवणाची ताटे मात्र भरभरून येत राहतात, कारण गर्भ प्रमाणाबाहेर वाढला तर बाळंतपण अवघड होणार. वेळ भरते तेव्हा सुईण जागेवर नसते, वैद्य मिळत नाही, आणि लहानगी मिंगलान मदत शोधत शहरभर धावते. आई आणि बाळ दोघेही जातात. या साऱ्यात कोणी कोणावर हात उगारलेला नाही आणि कोणी विषही घातलेले नाही; जे झाले ते कोठीघरातून काय गेले आणि काय गेले नाही, एवढ्यावरच झाले. शंग होंग या बापाला त्यातले अर्धे कळते, उरलेले अर्धे कळून घ्यायचे नसते. ल्यू च्युन या नटाने हा दुबळा, सभ्य, आपल्या प्रतिष्ठेला जपणारा माणूस असा उभा केला आहे की त्याचा राग येतो आणि तरीही तो ओळखीचा वाटतो.

मूळ कादंबरी इंटरनेटवर क्रमशः प्रसिद्ध झालेली आहे आणि तिच्यात आजच्या काळातली एक तरुणी मिंगलानच्या देहात पुन्हा जन्म घेते. मालिकेने ही कल्पना पूर्णपणे काढून टाकली आणि माझ्या मते हा मोठा लाभ झाला. कादंबरीतली मिंगलान सावध आहे, कारण ती पुढच्या काळातून आलेली आहे. मालिकेतली मिंगलान सावध आहे, कारण तिने आईला तसे मरताना पाहिले आहे. वर्गात सर्वांत हुशार असूनही ती मठ्ठपणाचे सोंग घेते, ते या भयापोटी.

आजी आणि नात यांचे नाते हा मालिकेचा प्राण आहे, असे मी निःसंकोच म्हणेन. त्साओ त्सुईफन यांनी ही आजी साकारली आहे. तिचा स्वतःचा मुलगा लहानपणीच गेलेला. शंग होंग हा तिच्या नवऱ्याचा उपपत्नीपासून झालेला मुलगा. म्हणजे आजीचे रक्ताचे नाते ना त्याच्याशी, ना मिंगलानशी, आणि तरी साऱ्या मालिकेत एकमेकींसाठी सर्वस्व पणाला लावणाऱ्या व्यक्ती याच दोघी आहेत. पुढे आजीवर विषप्रयोग होतो तेव्हा मिंगलान घराचे दरवाजे बंद करून चौकशी सुरू करते, आणि घराण्याच्या अब्रूसाठी प्रकरण मिटवू पाहणाऱ्या बापासमोर उभी ठाकते. त्या भागांत झाओ लीयिंग यांचा आवाज फारसा चढत नाही. पण इतकी वर्षे खाली मान घालून बोलणारी मुलगी नजर वर करून बोलू लागते, आणि तेवढ्याने दृश्य तोलले जाते.

प्रेमकथा म्हणून पाहिले, तर मालिका अपेक्षेपेक्षा वेगळी निघते. उमरावाचा देखणा मुलगा छी हंग आणि मिंगलान यांचे कोवळे प्रेम आधी त्याच्या आईच्या अहंकारापुढे आणि नंतर एका राजपुत्राच्या धमकीपुढे टिकत नाही. गू थिंगये हा नायक मागणी घालतो ती तिच्या सावत्र बहिणीला, कारण ती बहीण दुसऱ्यावर प्रेम करते आणि ऐनवेळी नकार देणार, हे त्याला ठाऊक असते. त्या डावातून मिंगलान त्याच्या घरी येते. लग्न आधी, विश्वास नंतर, आणि प्रेम त्याच्याही नंतर, हा क्रम लेखकांनी घाई न करता सांभाळला आहे.

आता जे खटकते ते. ज्या व्यवस्थेने मिंगलानच्या आईचा जीव घेतला, त्या व्यवस्थेबद्दल मालिकेला शंका म्हणून येत नाही. लग्नाच्या बायका कितीही चुकल्या तरी शेवटी त्यांना सहानुभूती मिळते, आणि जिवंत उपपत्नी मात्र कारस्थानी असतात: माहेरी लिन, सासरी नायकाच्या पूर्वायुष्यातली मान्नियांग. चांगली उपपत्नी एकच होती आणि तिला कथेने सुरुवातीलाच संपवले. शिवाय शेवटचे पंधरा-वीस भाग राजवाड्यातल्या कटांकडे वळतात, आणि जी मालिका कोळशाच्या हिशेबातून माणसे ओळखायला शिकवत होती, ती तलवारी आणि मशालींवर विसंबू लागते. सासरच्या सावत्र सासूचे दुष्टपण इतके एकसुरी आहे की लिनसारखी व्यक्तिरेखा रचणाऱ्यांचेच हे लेखन आहे, यावर विश्वास बसत नाही.

आपली,
मं. द.

---

ताई,

आपले पत्र वाचून मी मालिका पूर्ण पाहिली आणि मगच उत्तर लिहीत आहे. आजी-नातीबद्दल आपण लिहिले आहे त्यातला शब्द न् शब्द मला मान्य आहे. व्यवस्थेबद्दलच्या आपल्या आक्षेपाशी मात्र मी सहमत नाही.

अकराव्या शतकातल्या अधिकाऱ्याच्या घरात लग्नाची बायको आणि उपपत्नी यांच्यातला फरक हा आवडीनिवडीचा विषय नव्हता. तो कायद्याचा आणि वारशाचा विषय होता. त्या घरात वाढलेल्या मुलीने उठून सारी उतरंडच अन्याय्य आहे असे भाषण केले असते, तर आपल्याला बरे वाटले असते, परंतु मिंगलान खोटी झाली असती. परिस्थिती जशी आहे तशी स्वीकारून तिच्यात आपल्या माणसांपुरती सुरक्षित जागा तयार करणे, हेच तिच्या हाती होते, आणि लेखकांनी तिला त्यापलीकडे नेले नाही याबद्दल मी त्यांचा आदर करतो.

राजदरबाराच्या भागांविषयीही मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. कादंबरीतली राजवट काल्पनिक आहे. मालिकेने कथा सम्राट रनझोंगच्या अखेरच्या काळात आणून ठेवली, आणि ही निवड विचारपूर्वक केलेली आहे. रनझोंगचे मुलगे लहानपणीच वारले होते. त्याने घराण्यातल्या एका पुतण्याला वारस ठरवले. १०६३मध्ये तो यिंगझोंग या नावाने गादीवर आला आणि काही काळ त्साओ राजमातेने पडद्याआडून कारभार पाहिला. पुढे १०६५च्या सुमारास दरबारात मोठा वाद पेटला, तो असा की नव्या सम्राटाने आपल्या जन्मदात्याला पिता म्हणावे की काका. दरबारातल्या विद्वान अधिकाऱ्यांपैकी ओयांग श्यू एका बाजूला होते, सिमा ग्वांग दुसऱ्या बाजूला. मालिकेने या नव्या सम्राटाचे नाव बदलले आहे, पण दत्तक वारस, राजमाता आणि जन्मदात्याविषयीचा वाद हे सारे त्यात आहे, आणि त्या वादात गू थिंगये व छी हंग एकमेकांसमोर उभे राहतात. आई कोणाला म्हणायचे, बाप कोणाला म्हणायचे, पोटची आई आणि कायद्याने असलेली आई यांत कोणाचा मान मोठा, हे शंग घराण्यातले प्रश्न सिंहासनापर्यंत पोहोचलेले दिसतात. म्हणून दरबाराकडे वळणे मला चूक वाटत नाही. ते घाईने उरकले, ही चूक आहे. माजघरातल्या एका चहापानाला पाऊण भाग देणारे दिग्दर्शक वारसाहक्काचा वाद काही संवादांत गुंडाळतात, तेव्हा ज्याला हा इतिहास माहीत नाही अशा प्रेक्षकाच्या हाती फक्त बंड आणि धावपळ उरते.

दृश्यरूपाविषयी आपण लिहिले नाही, म्हणून लिहितो. मेणबत्तीच्या प्रकाशात चित्रित केलेल्या खोल्या, चौकटीच्या मधोमध बसवलेली माणसे, मंद रंगांचे कपडे, यांमुळे सोंगकालीन अभिरुचीचा संयम डोळ्यांना जाणवतो. पहिल्याच भागात थोरल्या बहिणीच्या वाङ्निश्चयाच्या वेळी भांड्यात बाण टाकण्याचा खेळ होतो. पैजेला वराकडून आलेले हंस लावलेले असतात, आणि घराची अब्रू वाचवायला छोटी मिंगलान पुढे होते. त्या एका खेळात विधी, घराण्यांची चढाओढ, नायकाचा उद्धटपणा आणि नायिकेची नेमबाजी, सारे काही सांगून होते.

उणिवांच्या बाजूला मी वयाचा मुद्दा टाकेन. फंग शाओफंग यांचा जन्म १९७८चा. चित्रीकरणाच्या वेळी चाळिशीकडे झुकलेल्या या नटाला वर्गात बसलेला तरुण म्हणून स्वीकारणे मला बराच काळ जमले नाही. लग्नानंतर, सेनापती म्हणून, ते शोभतात. मालिकेचे चिनी नाव ली छिंगझाओ या कवयित्रीच्या ओळींवरून घेतले आहे. तिचा जन्म १०८४चा, म्हणजे रनझोंगच्या मृत्यूनंतर सुमारे वीस वर्षांनी. मात्र रात्रीच्या पावसानंतर फुलांचे काय झाले हे घरातल्या बाईला न पाहताही कळते आणि पडदा गुंडाळणाऱ्या दासीला पाहूनही कळत नाही, हा त्या कवितेतला प्रसंग मिंगलानच्या नजरेला इतका जुळतो की त्या कालविसंगतीची मी तक्रार करणार नाही.

आपला,
अ. वि.

---

काका,

आपल्या पत्रातला वारसाहक्काचा धागा मला फार मोलाचा वाटला, आणि त्या दृष्टीने शेवटचे भाग मी पुन्हा पाहणार आहे. मुख्य मतभेद मात्र कायम आहे, आणि तो नीट मांडते.

मिंगलानने भाषण करावे, अशी माझी अपेक्षा नाही. पात्राला जे दिसत नाही ते कथेला दिसले पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे, आणि ते दिसण्याची सामग्री या मालिकेतच आहे. लिन मुळात कोण होती, ते आठवून पाहा. ती एका अधिकाऱ्याचीच मुलगी, घर मोडल्यावर याच आजीच्या आश्रयाला आलेली. आजी तिचे लग्न एखाद्या साध्या घरी लावून देणार होती. गरिबाची बायको होण्यापेक्षा श्रीमंताची उपपत्नी होणे बरे, असे ठरवून तिने शंग होंगला गाठले. म्हणजे एकाच म्हाताऱ्या स्त्रीच्या छायेत दोन निराधार मुली वाढल्या आणि दोघींनाही एकच भय होते, की उद्या आपण रस्त्यावर येऊ. एकीने लाडकी होऊन त्या भयावर उपाय शोधला, दुसरीने कोणाच्या नजरेत न येऊन. हे साम्य कथेच्या पोटात आहे; परंतु मालिका ते लिनच्या दुष्टपणाचा पुरावा म्हणूनच वापरते, आणि आजीच्या मनात त्याविषयी काय आहे हे आपल्याला कधी धडपणे कळत नाही.

याच्या उलट वांग रुओफू, म्हणजे लग्नाची बायको, हिला लेखकांनी किती माया दिली आहे पाहा. विषप्रकरणात तिचा हात आहे. सासू जरा आजारी पडली तर घराचा कारभार आपल्याकडे येईल, या बहिणीच्या बोलण्याला ती भुलते. ल्यू लिन या अभिनेत्रीने तिचा उथळपणा, तिची आपल्या मुलांवरची माया आणि सत्य कळल्यावरची तिची भेदरलेली अवस्था अशी दाखवली आहे की आपण तिला क्षमा करायला तयार होतो. मला ती व्यक्तिरेखा अतिशय आवडते. म्हणूनच विचारावेसे वाटते की अशी समजूत दाखवणाऱ्या लेखणीने लिनला आणि तिच्या मुलीला, मोलानला, त्यातला थोडाही वाटा का दिला नाही.

मोलान मंदिरात एका उमरावाच्या मुलाला गुपचूप भेटते आणि त्या बदनामीच्या जोरावर लग्न पदरात पाडून घेते. नायक गू थिंगयेने खोट्या मागणीचा डाव टाकला, तर त्याला चातुर्य म्हटले जाते. मोलानने डाव टाकला, तर तो तिच्या आईच्या संस्काराचा दोष ठरतो. दोघांनीही आपल्याला हवे ते स्थळ लबाडीने मिळवले. या दोन प्रसंगांना एकाच मापाने मोजणारे एखादे पात्र, अगदी एखादी दासीसुद्धा, मालिकेत असती, तर माझी तक्रार उरली नसती.

वयाबाबत आपल्याशी सहमत आहे. वर्गातली दृश्ये मी झू यीलोंग यांच्यासाठी पाहिली. छी हंगचा भाबडेपणा त्यांनी डोळ्यांतून असा आणला आहे की तो पुढे हरणार, हे आपल्याला त्याच्या आधी कळते.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत चर्चा ठेवायची असेल, तर सारी मालिका कोणाकडून पाहून होणार नाही. वेईच्या मृत्यूपर्यंतचे सुरुवातीचे भाग आणि मोलानच्या लग्नाचे भाग एवढेच सर्वांनी पाहून यावे, असे मी सुचवते. आपण दरबाराचा इतिहास मांडावा, म्हणजे ज्यांनी पुढचे पाहिलेले नाही त्यांनाही वारसाहक्काचा धागा पकडता येईल.

आपली,
मं. द.