फक्त एका गिगसाठी रत्नागिरीहून मुंबई, वर्थ आहे का?

भाट्येवाला:
गेल्या शनिवारी आम्ही चौघं लोअर परळला एका इंडी, म्हणजे मोठ्या कंपनीशिवाय स्वतःच्या जोरावर चालणाऱ्या रॉक बँडच्या शोला जाऊन आलो. पहाटेच्या एसटीनं गेलो, रात्री दहाला शो संपल्यावर धावत दादर गाठलं, कोकणकन्येच्या जनरलमध्ये दाराशी बसून उजाडायच्या आत रत्नागिरी. माणशी अडीच हजार गेले. घरात सगळे म्हणतायत, दोन तासांच्या आरड्याओरड्यासाठी एवढं? मी म्हणतो हो, आणि दोस्तांबरोबरच जायचं. आमच्यातला एकजण मिरकरवाड्यात बोटीच्या धंद्यात आहे, वडील गेल्यापासून आमच्यात बसला तरी गप्पच असतो, आणि त्या हॉलमध्ये जेमतेम तीनेकशे माणसं, बेस गिटार सुरू झाली की फरशीतून पायात चढते, तिसऱ्या गाण्याला बघतो तर हा डोळे मिटून बेंबीच्या देठापासून ओरडतोय. ते गाणं आम्ही चौघांनी कॉलेजात एकाच मोबाईलवर ऐकलेलं. घरी हेडफोन लावून हे होत नाही. तुम्हाला काय वाटतं?

खाडीपलीकडचा:
मित्राचं वाचून बरं वाटलं, पण मला नाही पटत. मी एकदा गेलेलो, गाण्याचा एक शब्द कळेल तर शपथ, नुसता ड्रमचा दणका आणि समोर सगळ्यांचे मोबाईल वर. आणि कानाचं काय? ८५ डेसिबल आठ तास चालतं, पण दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० ला फक्त १५ मिनिटं. रॉक शो सहज शंभरच्या पुढे जातो. दुसऱ्या दिवशी कानात शिट्टी वाजत होती की नाही, खरं सांग.

भाट्येवाला:
वाजत होती, रविवारी दुपारपर्यंत. पुढच्या वेळी फोमचे बोळे घालून जाणार, मेडिकलात मिळतात. पण म्हणून जायचंच नाही?

कुडाळचो झील:
माका येगळाच म्हणूचा आसा. लाईव्ह होया तर मुंबैक कित्याक? दिवाळी झाली की आमच्याकडे जत्रा सुरू होतत, देवळाकडे रातभर दशावतार, पेटी, मृदंग, झांज, लिवलेले संवाद नायत, नट उभ्या उभ्या रचतत, आनि तिकीट नाय. दोस्तांका घेवन हय बसा. ही गिटारा-बिटारा आपली न्हयत.

लांज्याची पोर:
आपली नाहीत कशी? तुमची पेटी तरी कुठली? एकोणिसाव्या शतकात युरोपातूनच आली ना, आज तिच्याशिवाय आपलं भजन उभं राहत नाही. इंडियन ओशन हा बँड घ्या, दिल्लीत १९९० पासून वाजवतायत, त्यांचा बेस वाजवणारा राहुल राम आधी नर्मदा आंदोलनात काम करत होता आणि तिथल्या खोऱ्यातलं गाणं ते स्टेजवर गातात, हे परकं कसं? शिवाय छोट्या बँडना ऑनलाईन ऐकण्यातून फुटकळ पैसे मिळतात, खरा आधार तिकीट आणि टीशर्टचा.

आणि दोस्तांबरोबर जाण्याबद्दल, मुलांना ती मजा असेल, आम्हाला ती अट आहे. चारजणी असू तरच घरचे सोडतात, रात्री अकराला दादर स्टेशनवर एकटीनं उभं राहायचं म्हणजे गाण्यापेक्षा घड्याळाकडेच लक्ष. मी दोन शो या कारणानं सोडलेत, अजून वाईट वाटतं.

कुडाळचो झील:
पेटीचा खरा, मानलंय. पन मगे त्या बँडवाल्यांनी हय येवक होया. दरवेळी आमीच कित्याक धावूचा?

खाडीपलीकडचा:
येतील कुठे? चार महिने पाऊस, उघड्यावर काही ठरवता येत नाही. नाट्यगृहात खुर्च्या फिक्स, उभं राहायला जागा नाही. उघड्यावर केलंच तर दहाला लाऊडस्पीकर बंद, २००० सालापासूनचा नियम आहे आणि तो मला योग्य वाटतो, म्हातारी माणसं, आजारी माणसं असतात आजूबाजूला.

भाट्येवाला:
मग सहाला सुरू करू, साडेनऊला आवरू. लांज्याच्या ताई, तेव्हा तुम्हाला घरी जायला शेवटची एसटी पण मिळेल असं बघू. खुर्च्या हलवता येतील असा हॉल कुणाच्या माहितीत असेल तर इथे टाका, मंगल कार्यालय पण चालेल. आणि झिला, मार्गशीर्षात तुमच्याकडे जत्रा कुठल्या रात्री ते कळव, आम्ही चौघं येतोय, मिरकरवाड्यातला स्वतःहून येतो म्हणालाय.